नॅकची श्रेणी टिकवण्यात विद्यापीठाच्या मंडळाचं काम काय असतं?

प्रवेशाचे दिवस आले की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत फ्लेक्सवर एक ओळ हमखास दिसते: 'नॅक ए++'. पण ही श्रेणी कायमची नसते. साधारणपणे ती पाच वर्षांसाठी मिळते. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. या पुनर्मूल्यांकनात प्राध्यापकांची धावपळ सगळ्यांना दिसते. विद्यापीठाचा कारभार पाहणारं मंडळ मात्र फारसं कुणाच्या नजरेत येत नाही.

नॅक काय तपासतं?

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद. १९९४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय बंगळुरूत आहे. श्रेणी देण्याच्या पद्धतीत सात निकष आणि एकूण १००० गुण आहेत. त्यावरून ४ पैकी सरासरी काढली जाते. ३.५१ किंवा त्याहून जास्त असेल तर ए++. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाला ३.६४ सरासरीसह हीच श्रेणी मिळाली आहे.

मंडळ म्हणजे नेमकं कोण?

विद्यापीठाच्या प्रकारानुसार नाव बदलतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या सार्वजनिक विद्यापीठात २०१६च्या राज्य कायद्यानुसार 'व्यवस्थापन परिषद' असते. अभिमत विद्यापीठांत पूर्वी 'व्यवस्थापन मंडळ' होतं, यूजीसीच्या २०२३च्या नियमांत त्या जागी 'कार्यकारी परिषद' आली. खासगी विद्यापीठांत 'नियामक मंडळ' असतं.

मंडळाच्या हातात काय असतं?

सातपैकी सहावा निकष थेट प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा आहे. त्याला विद्यापीठांसाठी १०० गुण आहेत. पण मंडळाचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही.

• शिक्षक: मंजूर पदांपैकी किती पूर्णवेळ शिक्षकांनी भरली आहेत, हे नॅक मोजतं. भरतीचा निर्णय मंडळाकडे जातो. सार्वजनिक विद्यापीठांत त्याला राज्य सरकारची मान्यताही लागते. तिथे मंडळाचं काम म्हणजे पाठपुरावा.

• पैसा: प्रयोगशाळा, ग्रंथालय, संशोधन यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद करणं आणि ती खर्च झाली का हे पाहणं. संशोधनाच्या निकषाला सर्वाधिक, म्हणजे २५० गुण आहेत.

• पाठपुरावा: प्रत्येक संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी असतो. तो दरवर्षी नॅकला अहवाल देतो. हे अहवाल वेळेत गेले नसतील, तर पुढच्या फेरीचा अर्जच अडतो. कक्षाने दाखवलेल्या त्रुटींवर काय केलं, हे मंडळाने विचारायचं असतं.

चाकणचा संबंध कुठे येतो?

आयक्यूएसीत व्यवस्थापनाचा प्रतिनिधी असतो, तसे विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि उद्योगांचे प्रतिनिधीही असतात. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन यांचे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, तिथे ही जागा नुसती कागदावर भरणं म्हणजे संधी वाया घालवणं. कारखान्याला कोणतं कौशल्य हवं आणि अभ्यासक्रमात काय जुनं झालं, हे तो माणूस थेट सांगू शकतो.

शेवटच्या सहा महिन्यांत सगळं जमतं का?

अवघड आहे. सुमारे ७०% मूल्यांकन आकडेवारीवर चालतं आणि ती मागच्या पाच वर्षांची लागते. भिंती रंगवून रिकामी पदं लपत नाहीत. अशा वेळी आडवाटेचा मोह होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. नॅकला दिलेली माहिती खरी आहे ना, हे आधी मंडळानेच पाहायला हवं, ते यासाठी.

श्रेणी घसरली तर?

फटका विद्यार्थ्यांना बसतो. दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवण्यासाठी यूजीसीच्या पात्रता निकषांत नॅकची किमान ३.०१ सरासरी हा एक निकष आहे. जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणींऐवजी 'मान्यता आहे किंवा नाही' अशी नवी पद्धत जाहीर केली. पद्धत कोणतीही असो, पुरावा रोजच्या कारभाराचाच लागणार.

प्रवेश घेण्याआधी काय पाहाल?

फ्लेक्सवरची श्रेणी वाचून थांबू नका. ती कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, ते नॅकच्या संकेतस्थळावर पाहा. मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आयक्यूएसीचे वार्षिक अहवाल उघडा. तीच त्रुटी सलग तीन वर्षं दिसत असेल, तर मंडळाने काय केलं हे तुम्हाला कळलंच.