“बायका मिळतच नाहीत हो!” : डीजे बायकांच्या एका नोंदवहीची गोष्ट



डीजे म्हटलं की आपल्या कानात आधी काय वाजतं, ते मी सांगायला नको. वरातीपुढं ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, घराच्या पत्र्यांना बसणारे हादरे, दचकून उठलेली तान्ही पोरं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नको, हा केंद्राचा नियम २००० सालचा आहे, आणि तो किती पाळला जातो ते आपण सगळ्या जाणतोच. पण आजचा विषय आवाजाचा नाही. त्या यंत्रापाशी उभं राहून गाणं कोण लावतं, हा आहे. तिथं बाई पाहिली आहे का कुणी? आणि नसेल पाहिली, तर त्या आहेतच कुठं, असं कुणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं? हे उत्तर ऑस्ट्रिया देशातल्या एका बाईनं १९९८ साली दिलं. ते असं दिलं की आपल्यासारख्या वह्या-रजिस्टर सांभाळणाऱ्या बायकांना ते लगेच कळावं.

आधी शब्दाचं बघू. डीजे म्हणजे डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे गाण्याची तबकडी, आणि जॉकी म्हणजे शर्यतीत घोडा पळवणारा. तबकडी पळवणारा माणूस, असं म्हणा. हा शब्द अमेरिकेतल्या रेडिओवरून आला. १९३५ साली तिथं एक मोठा खटला गाजत होता, सगळा देश रेडिओला कान लावून बसला होता. न्यूयॉर्कच्या एका केंद्रावर मार्टिन ब्लॉक नावाचा निवेदक होता. दोन बातम्यांच्या मधला रिकामा वेळ भरायला तो तबकड्या लावू लागला, आणि जणू खरा वाद्यवृंद समोर बसून वाजवतोय असं बोलू लागला. लोकांना ते फार आवडलं. खटला संपला तरी कार्यक्रम चालूच राहिला.

आपल्याकडची तबकडीची गोष्ट तर घरातल्या जुन्या माणसांना पाठ असेल. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. त्या काळात आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपले मराठीच, त्यांना ती गाणी पसंत नव्हती. मग लोक सिलोन लावू लागले आणि अमीन सयानी घराघरात पोचले. या अमीनभाईंच्या आई, कुलसुम सयानी, मुंबईत नवसाक्षर लोकांसाठी ‘रहबर’ नावाचं नियतकालिक काढत, आणि अमीनभाई लहानपणापासून त्या कामात आईच्या हाताखाली असत. इतकं साधं, सगळ्यांना कळेल असं बोलायची सवय त्यांना कुठून लागली असेल, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. असो, आपण आपल्या रस्त्याला येऊ.

रेडिओवर गाणी लावायच्या कामात बायका नव्हत्या असं नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एक रेडिओ केंद्र निघालं, त्यात निवेदनापासून जाहिराती विकण्यापर्यंतची कामं बायकांकडे होती. आपल्याकडे ते व्हायला बराच काळ जावा लागला. तेलंगणातलं संगम रेडिओ २००८ सालचं, ते गावच्या दलित बायका चालवतात. साताऱ्यात म्हसवडला मान देशी तरंग आहे. पण मोठ्या, सार्वजनिक, देशभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओत काय होतं ते ऐका. इंग्लंडात बीबीसीनं १९६७ साली तरुण लोकांसाठी रेडिओ वन ही वाहिनी सुरू केली. ॲनी नाइटिंगेल नावाची पत्रकार तिथं काम मागत होती. तिला सांगण्यात आलं, की आमचे निवेदक म्हणजे घरी एकट्या असणाऱ्या गृहिणींना नवऱ्याची जागा भरून काढणारे असतात, तिथं बाईचा आवाज काय कामाचा? ही हकीकत तिनं स्वतः पुढं अनेकदा सांगितली. अखेर १९७० साली तिला घेतलं. दुसरी बाई यायला १९८२ उजाडलं. बारा वर्षं त्या वाहिनीवर ती एकटी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. १९७० नंतर न्यूयॉर्कमध्ये नाचाच्या क्लबांतून एक वेगळा डीजे तयार झाला. त्याच्यापुढं तबकड्या फिरवायची दोन यंत्रं, मधे आवाज कमीजास्त करायचं मिक्सर. एका यंत्रावर गाणं चालू असतं, तेव्हा तो दुसऱ्या यंत्रावरचं पुढचं गाणं कानाला हेडफोन लावून जुळवून घेतो, आणि लोकांना कळूही न देता एका गाण्यातून दुसऱ्यात नेतो. रात्रभर नाच तुटत नाही. या कामाला भांडवल काय लागतं? तबकड्या. त्या महाग, आणि नवं गाणं बाजारात यायच्या आधी हातात हवं. तबकडी कंपन्या रेडिओवाल्यांना फुकट देत, क्लबच्या डीजेंना मात्र दारात ताटकळत ठेवत. प्रत्येकानं प्रत्येक कंपनीच्या कचेरीत जायचं, तिथला माणूस ओळखीचा असेल तर तबकडी मिळायची, नाहीतर हात हलवत परत.

तेव्हा डेव्हिड मॅनकुसो नावाचा डीजे आणि त्याचे काही सोबती एकत्र आले आणि १९७५ साली त्यांनी न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल काढला. पूल म्हणजे सगळ्यांचं एकत्र खातं. आता कंपनीनं तबकड्यांचा गठ्ठा एकाच ठिकाणी पाठवायचा. तिथून तो सभासदांत वाटला जायचा. बदल्यात प्रत्येक डीजेनं लिहून द्यायचं, की हे गाणं लावलं तेव्हा लोक नाचले की पाणी प्यायला गेले. कंपनीला आपलं गाणं चालेल की नाही ते लवकर कळायचं, डीजेला कचेऱ्या झिजवाव्या लागायच्या नाहीत. एकएकटी खताच्या दुकानात गेलं तर काय भाव मिळतो आणि गटानं मिळून मागणी दिली तर काय मिळतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याच्यापुढं काही समजावून सांगायची गरज नाही.

या पूलचा रोजचा कारभार सांभाळणाऱ्यांत ज्यूडी वाइनस्टाइन नावाची बाई होती. पुढं तिनं ‘फॉर द रेकॉर्ड’ नावाचा स्वतःचा पूल काढला आणि तो नावाजला गेला. म्हणजे बघा, पुढं उभं राहून गाणी लावणारे बहुतेक पुरुष, आणि मागं याद्या, वाटप, पत्रव्यवहार सांभाळणारी बाई. हे चित्र आपल्याला नवं नाही. पण वाइनस्टाइननं त्या यादीतूनच स्वतःची सत्ता उभी केली. कुणाकडे कोणतं गाणं कधी पोचेल, हे तिच्या हातात होतं.

आता १९९८ सालात आणि ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात या. तिथं सुझान किर्शमायर नावाची डीजे होती. गाणी लावताना ती ‘इलेक्ट्रिक इंडिगो’ हे नाव घ्यायची. १९८९ पासून ती या धंद्यात. मधे काही वर्षं ती जर्मनीत बर्लिनला ‘हार्ड वॅक्स’ नावाच्या तबकड्यांच्या दुकानात काम करायची. ते दुकान म्हणजे त्या काळातल्या डीजेंची पाणवठ्याची जागा. कोण काय वाजवतंय, कुठं नवं काय आलंय, सगळं तिथं कळायचं. तिला स्वतःसारख्या बऱ्याच जणी ठाऊक होत्या. तरीही तिला पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारला जायचा: या क्षेत्रात बायका इतक्या कमी का? आणि कार्यक्रम भरवणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य: “आम्ही बोलावलं असतं हो, पण बायका मिळतच नाहीत.”

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? सभेला, समितीला, ट्रॅक्टरच्या प्रशिक्षणाला, जिथं जाल तिथं ते वाक्य आपल्या आधी जाऊन बसलेलं असतं.

या वाक्यावर भांडता येतं. पण भांडण एका सभेत संपतं, आणि पुढच्या सभेत तेच वाक्य नव्यानं ऐकावं लागतं. किर्शमायरनं यादी केली. इंटरनेटवर एक नोंदवही उघडली आणि नाव ठेवलं ‘फीमेल प्रेशर’, म्हणजे बायकांचा दाब. आवाज हाही हवेचा दाबच असतो, म्हणून मला ते नाव दोन्ही अंगांनी पटतं.

नोंदवही साधी. बाईनं स्वतःची नोंद करायची. नाव काय, शहर कोणतं, देश कोणता, काम काय करता. गाणी लावता, की स्वतः संगीत तयार करता, की पडद्यावर चित्रं दाखवता. कोणत्या प्रकारचं संगीत. ज्याला हवी त्यानं शहर टाकून शोधावं, काम टाकून शोधावं. आपल्या गटाच्या रजिस्टरात आणि या वहीत एक फरक मात्र मोठा आहे. आपलं रजिस्टर कपाटात असतं, अधिकारी मागतील तेव्हा निघतं. ही वही जगातल्या कुणालाही, कधीही उघडता येते. तेव्हाचं इंटरनेट आजच्यासारखं खिशात नव्हतं. टेलिफोनच्या तारेला मॉडेम जोडायचं, ते किर्र आवाज करत लागायचं, एक पान उघडायला वेळ लागायचा. तेवढ्यावर हे काम उभं राहिलं.

पुढं या यादीत ७० हून अधिक देशांतल्या २ हजारांहून अधिक जणी आल्या. यादी नुसती यादी राहिली नाही. एकमेकींना निरोप जाऊ लागले, एका शहरातली दुसरीला कामाची खबर देऊ लागली. स्वतःला ठरीव स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या कलाकारांनाही पुढं यात जागा मिळाली. २००९ साली ऑस्ट्रियातल्या लिंझ इथल्या प्री आर्स इलेक्ट्रॉनिका या नामवंत पुरस्कारात इंटरनेटवरच्या समुदायांसाठी असलेल्या विभागात त्यांचा गौरवानं उल्लेख झाला.

इथं एक आक्षेप घेता येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बायकांची वेगळी यादी कशाला? मी डीजे आहे, तर मला डीजे म्हणा, ‘बाई डीजे’ कशाला? कामाच्या गुणावर बोलवा, बाई म्हणून नको. मला हे पटतं. पण गुण बघायला आधी माणूस दिसावं लागतं. शिवाय यादी काम मिळवून देत नाही. यादी फक्त एक सबब काढून घेते.

सबब गेली, तरी बोलावणं येतंय का? ते बघायला त्यांनी मोजायला घेतलं. २०१३ साली ८ मार्चच्या सुमारास फीमेल प्रेशरनं एक अहवाल काढला. पद्धत अशी, की कुणाही चिकाटीच्या बाईला जमावी. मोठमोठे संगीत महोत्सव आपल्या कलाकारांची नावं स्वतःच छापतात. ती पत्रकं गोळा करायची आणि नावं मोजायची. बाया किती, पुरुष किती, मिश्र गट किती, नावावरून कळेना ते किती. काही गुप्त शोधायचं नव्हतं, जे भिंतीवर चिकटवलेलं होतं तेच वाचायचं होतं. निघालं काय, तर शंभर नावांत बायका दहाच्या आसपास.

तो आकडा गाजला. तोवर “बायका कमी असतात” हे हवेतलं बोलणं होतं, आता कोणत्या महोत्सवात किती कमी हे नावानिशी पुढं आलं. महोत्सव भरवणारी कुणीही व्यक्ती मुद्दाम बायकांना वगळत असेल असं नाही. ओळखीतल्याला बोलावायचं, त्यानं त्याच्या ओळखीतल्याचं नाव सुचवायचं, असं चालत राहतं. पण बेरीज केली की ती शंभरात दहाच भरते.

२०१५ च्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट घडली. आइसलँडची ब्योर्क ही जगभर नावाजलेली गायिका. ती आपलं संगीत बरंचसं स्वतः यंत्रांवर बसून बांधते. तिनं एका मुलाखतीत बोलून दाखवलं, की माझ्याबरोबर काम करणाऱ्या पुरुषालाच लोक सगळ्याचं श्रेय देऊन टाकतात, आणि याचं एक कारण असं की यंत्रांपाशी काम करतानाचे माझे फोटोच नाहीत. बायकांनी असे फोटो काढून घ्यावेत, असं तिला वाटलं. फीमेल प्रेशरनं ते मनावर घेतलं आणि इंटरनेटवर नुसत्या फोटोंचं एक पान उघडलं. बाई आणि तिची यंत्रं. मिक्सरवर हात, वायरींच्या जंजाळात बसलेली, कानाला हेडफोन. नटूनथटून गाणारी नाही, काम करणारी.

आपल्या शेताचे फोटो आठवा. पेरणी, खुरपणी, काढणी बायकांची, आणि ट्रॅक्टरला टेकून फोटोत उभा कोण?

फीमेल प्रेशरच्या बायकांनी मोजणी २०१३ ला थांबवली नाही. दर काही वर्षांनी नवी पत्रकं जमा करायची, पुन्हा नावं मोजायची, स्वयंसेवेनं. २०२० च्या सुमाराच्या मोजणीत बायकांचं प्रमाण शंभरात २५ च्या आसपास आलेलं दिसलं. दहाचे पंचवीस व्हायला सात-आठ वर्षं लागली. काही महोत्सवांनी पुढच्या वर्षी निम्म्या बायका बोलावू असं जाहीर केलं, काहींनी करून दाखवलं, काहींच्या पत्रकावर अजूनही बोटावर मोजण्याइतकीच नावं आहेत, आणि तीही छोट्या अक्षरांत, पत्रकाच्या तळाशी. यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईकडे, “साउंडवाले दादा कुठं आहेत?” असं विचारणारे लोकही अजून आहेतच. वही मात्र उघडीच आहे. आजही कुणी व्हिएन्नात, बर्लिनमध्ये किंवा आणखी कुठं बसून शहराचं नाव टाकलं, की खाली नावं येतात.