सकाळची शाळा आणि शरीरातले घड्याळ

मार्च निम्मा सरला, की पुसदसारख्या विदर्भातल्या गावांत सकाळच्या शाळेची चर्चा सुरू होते. उन्हामुळे ती आवश्यकच असते. सूचना एका दिवसात फलकावर लागते. पण पुढचे आठ दिवस पहिल्या तासाला अर्धा वर्ग पेंगत असतो. मुलांना आळशी ठरवण्यापूर्वी वेळा बदलण्याचा इतिहास आपण थोडा पाहू या.

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ तिथल्या सूर्यावरून ठरे. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तेथे मद्रासची वेळ लागू केली. लोकांच्या विरोधामुळे १८८३ मध्ये हा निर्णय मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी या बदलाला कडाडून विरोध केला आणि 'मुंबईची वेळ' १९५५ पर्यंत टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, देशभरची घड्याळे आणखी एक तास पुढे होती.

प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुसद सुमारे ७७.६ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर पुसदचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २० मिनिटे मागे चालतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य उगवायला जवळजवळ साडेसहा होतात. सातच्या शाळेसाठी खेड्यावरून येणारे मूल अंधारातच उठते.

त्याने काय बिघडते? १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने रोजच्या वेळी उघडत-मिटत राहिली. १९३८ मध्ये नथानिएल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी रिचर्डसन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत महिनाभर २८ तासांचा 'दिवस' पाळून राहिले. तरुण रिचर्डसनच्या शरीराने तो स्वीकारला. क्लाइटमन यांच्या शरीराने नाही. वेळापत्रक एकच, परिणाम मात्र दोन! १९७२ मध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूतले हे घड्याळ सापडले. दोन्ही डोळ्यांच्या चेतातंतू जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या अगदी वर असलेला हा चेतापेशींचा लहानसा पुंजका. या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे हे घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित सावकाश चालते. म्हणून उशिरा झोपणे सोपे, लवकर उठणे अवघड. किशोरवयात तर आणखीच अवघड. रोज पहाटेच्या उजेडाने ते थोडे पुढे सरकते. तीन तासांची उडी ते एका रात्रीत मारू शकत नाही.

आपल्या शासनालाही हा पेच सुटलेला दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश निघाला. मार्च २०२५ मध्ये उन्हापासून बचावासाठी शाळा सात वाजता भरवण्याचा. दोन्ही कारणे खरी आहेत. ऊन टाळायचे, पण झोपेची किंमत देऊन नव्हे, ही कसरत शेवटी शिक्षकांकडेच येते.

ती थोडी सोपी करता येईल. सकाळची शाळा सुरू होण्याआधी आठ-दहा दिवस मुलांना झोपण्या-उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायला सांगावे. पालकांनाही तसे कळवावे. परिपाठ मोकळ्या अंगणात घ्यावा. सकाळचा उजेड हाच शरीराच्या घड्याळाची किल्ली. रात्री दिवे आणि मोबाइल लवकर बंद व्हावेत. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची असावी, संध्याकाळपर्यंत लांबू नये. पहिल्या आठवड्यात पहिल्या तासाला चाचणी ठेवू नये. जूनअखेरीस शाळा उघडतानाही हे सारे पुन्हा लक्षात ठेवावे.

आणि एक प्रयोग. १५ एप्रिलच्या सुमारास मैदानात सरळ काठी रोवा आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावली मोजा. पुसदला ती सर्वांत आखूड होईल बारा वाजता नव्हे, तर बारा वीसच्या आसपास. भिंतीवरचे घड्याळ आणि सूर्य यांतले अंतर मुलांना तिथे मोजून घेता येईल.