ओला, सुका आणि ‘माल’: दोन बादल्यांमागचा पुण्याचा इतिहास

घरातल्या दोन बादल्या आठवा. एकीत भाजीची देठं, चहाचा चोथा. दुसरीत पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या. ओला आणि सुका, संपलं! माझं संशोधन यावर आहे म्हटलं की लोक विचारतात, ‘यात इतिहास कसला?’ आज त्याचंच उत्तर देते.

१९९० च्या आसपासचं पुणे डोळ्यांसमोर आणा. कचरावेचक, त्यातही बहुतेक दलित समाजातल्या बायका, कुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचायच्या आणि भंगारच्या दुकानात वजनावर विकायच्या. एसएनडीटी महिला विद्यापीठात प्रौढशिक्षणाचं काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी एक प्रयोग करून पाहिला. सुका माल घरातूनच वेगळा मिळाला तर? माल स्वच्छ राहील, वेळ वाचेल, चार पैसे जास्त मिळतील. काही जणींना अशी घरं मिळालीसुद्धा.

पण थोड्याच दिवसांत त्याच भागात एका उद्योजकाने गाडी लावली आणि दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. बायकांच्या हातची घरं जायला लागली. त्यांनी विरोध केला. हा धडा पुढे कामी आला. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन भरलं, ८०० हून अधिक जण आले, आणि हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली.

आता हे नाव पुरावा म्हणून वाचा. त्यात ‘कचरा’ हा शब्दच नाही! आहेत त्या तीन वस्तू, ज्यांना काट्यावर भाव मिळतो. माझ्या मते हा दावा आहे: तुम्ही ज्याला कचरा म्हणता, तो आमचा माल आहे आणि आमचा धंदा आहे.

हा दावा महापालिकेने टप्प्याटप्प्याने मान्य केला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर संघटनेच्या ओळखपत्रांना पालिकेची मान्यता मिळाली. चोरीचा आळ झेलणाऱ्या बाईच्या हातात निदान एक कागद आला. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने हिशोब मांडला की एक कचरावेचक पालिकेसाठी महिन्याला साधारण २४६ रुपयांचं काम फुकटात करते.

याच सुमाराला गोष्ट गुंतागुंतीची झाली. २००० च्या केंद्रीय नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. नागरिकासाठी सोपं झालं. पण जे पालिकेने गोळा करायचं, ते ठेकेदाराला देता येतं. मग वेचणारीचं काय? पुण्यात याचं उत्तर म्हणून कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये पालिकेने तिच्याशी करार केला. घरटी मासिक शुल्क आणि सुका माल विकण्याचा हक्क, अशी मिळकतीची दोन अंगं ठरली. दुसरं अंग काढा, मग ती फक्त ओझं वाहणारी उरते.

तरी एक फट राहिलीच. पालिकेच्या लेखी ‘सुका’ म्हणजे एकच ढीग. भंगारच्या दुकानात मात्र रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, कडक प्लॅस्टिक वेगळं, प्रत्येकाचा भाव वेगळा. आणि वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला बहुतेकदा गिऱ्हाईकच नसतं. म्हणजे ते ‘सुका’ आहे, पण ‘माल’ नाही. तुमची बादली सोपी झाली, पण हे निवडण्याचं काम संपलं नाही. ते वेचणारीच्या हातात गेलं, इतकंच.

तुम्ही संशोधनाला लागाल तेव्हा शासकीय कागद नुसता वाचून थांबू नका. त्यातला एक शब्द उचला आणि दुकानातल्या काट्यापर्यंत त्याचा पाठलाग करा. नियमात कर्तव्य कुणाचं ते लिहिलेलं असतं. त्या वस्तूचे पैसे कुणाच्या पदरात पडले, हे बहुधा लिहिलेलं नसतं. तुमचा प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.