क्लास

'क्लास' हा शब्द इंग्रजी आहे, असं आमच्या जतच्या वस्तीत कुणाला वाटत नाही. आई म्हणते, पोरगं क्लासला गेलंय. म्हंजे शिकवणीला. मामा म्हणतो, मटण एकदम क्लास झालंय. शिपायाची नोकरी लागली की क्लास फोर. रेल्वेचा थर्ड क्लास १९७४ साली गेला, पण 'थर्डक्लास माणूस' ही शिवी राहिली.

मित्रांनो, हा शब्द आपल्याही नावाला चिकटला होता. गोऱ्या सरकारच्या कागदावर आपण 'डिप्रेस्ड क्लासेस'. आज कर्नाटकात असलेल्या, आपल्या जतपल्याडच्या जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे. १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. मराठी नाव, निराश्रित साहाय्यकारी मंडळी. १९२४ साली बाबासाहेबांनी सभा काढली. इंग्रजीत तीही डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट. मराठीत मात्र बहिष्कृत हितकारिणी सभा! शिंद्यांची कळकळ मी नाकारत नाही. पण निराश्रिताला कुणीतरी आसरा द्यायचा असतो. बहिष्कृत म्हटलं की विचारावं लागतं, बहिष्कार घातला कुणी?

पुढं १९३१ साली, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी लेखी सांगितलं की 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नावच अपमानाचं आहे, ते बदला. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आलं. क्लास गेला, कास्ट आली. तहसीलच्या खिडकीवर आपण दाखला मागतो तो तिचाच.

आता गिरणीतला क्लास. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. युनियनवाले 'वर्किंग क्लास' म्हणतात तेव्हा मला मुंबईचं साचाखातं आठवतं. मी पाहिलेलं न्हाई, वाचलेलं. धोट्यात सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. आपल्या माणसाच्या उष्ट्याचा विटाळ, म्हणून त्याला साच्यावर मज्जाव. पगार जास्त तो साच्यावरच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला.

मागं बैठकीत मी हे बोललो. एकजण म्हणाला, "जुनं कशाला उकरतोस? आपण सगळे एकाच क्लासचे."

मी म्हटलं, "मग डबा खायला तू तिकडं का बसतोस?"

तो काही बोलला न्हाई. तेवढ्यात भोंगा झाला. आम्ही दोघं एकाच दारानं खात्यात शिरलो.