पटाबाहेरची मदत

आमच्या घरी बुद्धिबळाचा डाव दोघांचा कधीच नसे. पटाशी आजोबा आणि अण्णाकाका बसत, पण भोवती आत्या, शेजारचे मास्तर, आम्ही पोरं आणि हातातलं काम टाकून आलेली आजी असा सगळा गोतावळा असे. ‘वजीर हलवू नका, मागून उंट येतोय,’ असं कुणीही कुणालाही सांगायचं. सांगितलेलं दोघांनाही ऐकू यायचं, त्यामुळे त्यात लपवाछपवी नव्हती. चूक झाली की सांगणाऱ्याच्या माथी आणि डाव जिंकला की सगळ्यांचा.

तो डावही देशी पद्धतीचा होता. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे जायचं. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येई. शेवटच्या पट्टीवर पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात जाई, तेच मोहरं होई. आणि सगळ्यात मानाची मात प्याद्याची. हत्ती-वजिरांनी राजा कोंडला तर आजोबा नुसती मान हलवत, पण प्याद्यानं मात झाली की हरलेला माणूसही दाद देई.

युरोपीय पद्धतही आपल्याकडे बरीच लवकर आली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी त्या पद्धतीच्या खेळावर संस्कृतात लिहिलं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला. तरी घराघरांत देशी डाव पुढे कितीतरी वर्षं टिकून होता.

मी मोठी झाल्यावर स्पर्धांची पंच झाले. आमच्या ओसरीवर रीत म्हणून जे चालत होतं, ते सगळं स्पर्धेच्या सभागृहात गुन्हा ठरतं. बघ्यानं बोलायचं नाही. मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं. चाल आधी पटावर करायची, मग कागदावर लिहायची. फोन सभागृहात आणायचाच नाही. हे नियम कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. एकेका नियमामागे एकेक संशय आहे आणि त्या संशयांचा इतिहास अडीचशे वर्षांचा आहे.

सुरुवात व्हिएन्नातून करावी लागते. १७७० मध्ये वोल्फगांग फॉन केम्पेलेन यानं सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे एक यंत्र ठेवलं. मोठी लाकडी पेटी, तिच्यावर पट आणि मागे तुर्की वेशातला पुतळा. पुतळा हातानं मोहरी उचलून खेळे आणि बहुतेकांना हरवे. खेळाआधी पेटीची दारं एकेक करून उघडून आतली चाकं दाखवत. पण आत माणूस होता. दारं उघडतील तसा तो सरकत्या बैठकीवरून इकडून तिकडे सरके. वरच्या मोहऱ्यांत लोहचुंबक होते. त्यांच्या ओढीनं पटाच्या खालच्या बाजूचे धातूचे तुकडे हलत आणि कुठलं मोहरं कुठे गेलं ते त्याला कळे. तो मेणबत्तीच्या उजेडात खेळे. १८०९ मध्ये नेपोलियनही या ‘तुर्का’समोर बसला. १८५४ मध्ये फिलाडेल्फियातल्या आगीत ते यंत्र जळालं. माणसाचं डोकं यंत्राचं म्हणून खपवणं, ही त्या काळातली फसवणूक.

विसाव्या शतकात संशय माणसांवर आला. १९६२ मध्ये क्युरासाव बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. पेत्रोस्यान, गेलर आणि केरेस या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले सगळे, म्हणजे बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. ते आपसात दमले नाहीत, दमले ते बाकीचे. बॉबी फिशरनं उघडपणे संगनमताचा आरोप केला. जागतिक महासंघानं त्यानंतर ती स्पर्धा बंद करून आव्हानवीर समोरासमोरच्या सामन्यांतून निवडायला सुरुवात केली. एकाच देशाचे खेळाडू शक्यतो शेवटच्या फेऱ्यांत एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून पंचांच्या हाताशी आजही ‘वर्मा तक्ते’ असतात. शेवटी कुणाला अर्धा गुण हवा, कुणाला पूर्ण, हे कळल्यावर माणसाचं मन डळमळतं. ती वेळच येऊ द्यायची नाही, हा त्या तक्त्यांचा हेतू.

मग एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांशी कसं खेळायचं? त्याचं उत्तर महाराष्ट्रानंच दिलं आहे. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तीन बहिणी. १९७४ मधल्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती जिंकल्या आणि त्या स्पर्धेच्या पहिल्या दशकात विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेलं नाही. जयश्रींनी ते चार वेळा मिळवलं, रोहिणींनी पाच वेळा. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे त्यांच्या बाजूनं निकाल लागला. जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही निर्वाळा दिला की महिलांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. रोहिणी तेव्हा अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. या हकिकतीकडे मी पंच म्हणून पाहते तेव्हा एक गोष्ट जाणवते. ज्याच्याकडून अपेक्षा नसते असं कुणी पटावर आलं की लोक आधी नाक मुरडतात आणि खेळ मग बघतात.

जगज्जेतेपदाच्या सामन्यांत तर संशयानं हद्द गाठली. १९७२ मध्ये रेक्याविकला फिशरशी खेळणाऱ्या स्पास्कीच्या गोटानं तक्रार केली म्हणून खुर्च्यांची क्ष-किरण तपासणी झाली आणि वरचे दिवे उघडून पाहिले. दिव्यांत सापडल्या दोन मेलेल्या माश्या. १९७८ मध्ये फिलिपिन्सच्या बाग्यो शहरात कार्पोव्हला डाव चालू असताना दह्याचा पेला आणून दिला. त्याच्याशी खेळणाऱ्या कोर्चनॉयच्या बाजूनं लेखी हरकत घेतली, की हा सांकेतिक निरोप असू शकतो. अखेर दही कधी द्यायचं आणि कसलं द्यायचं हे ठरवून द्यावं लागलं. वाचताना हसू येतं, पण त्या हरकतीत तथ्य होतं. बाहेरून काही आत आलं, तर त्यासोबत काय आलं हे पंचाला कसं कळणार?

२००६ मध्ये एलिस्टातल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रामनिक वारंवार स्वच्छतागृहात जातो, अशी प्रतिस्पर्धी टोपालोव्हच्या व्यवस्थापकानं तक्रार केली. समितीनं खेळाडूंची खासगी स्वच्छतागृहं बंद केली. क्रामनिक पाचव्या डावाला बसलाच नाही. तो डाव तो हरला असं ठरवलं गेलं. पुढे सामना बरोबरीत गेला आणि जलद डावांत क्रामनिकनं तो जिंकला. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालं नाही.

या सगळ्याला वळण देणारं वर्ष मात्र १९९७. न्यूयॉर्कमध्ये ‘डीप ब्लू’ संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं. दुसऱ्या डावातल्या खेळावरून कास्पारोव्हला शंका आली, की यंत्रामागून कुणी माणूस खेळतो आहे. त्यानं यंत्राच्या नोंदी मागितल्या. तुर्काच्या वेळचाच तो प्रश्न होता, पण तो शेवटचाच. त्यानंतर कुणी यंत्रात माणूस शोधला नाही, सगळे माणसापाशी यंत्र शोधू लागले.

ते सापडायलाही फार वेळ लागला नाही. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीच्या सुब्रोतो मुखर्जी स्मृती स्पर्धेत एका खेळाडूच्या कानावर ओढलेल्या टोपीत शिवलेलं ब्लूटूथ यंत्र मिळालं. बाहेरचा साथीदार संगणकाच्या चाली त्याला कळवत होता. अखिल भारतीय महासंघानं त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गला एकेकाळी लात्वियाकडून खेळलेला ग्रँडमास्टर रौसिस स्वच्छतागृहात फोनसह पकडला गेला. आज साध्या फोनमधला प्रोग्रॅमही कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा चांगला खेळतो. म्हणून फोन वाजला की डाव गेला. २००३ मध्ये प्लोव्हदिवला पोनोमारिओव्हसारख्या विश्वविजेत्यालाही फोन वाजला म्हणून डाव सोडावा लागला, आणि तो त्याच्या वाढदिवसाचा दिवस होता.

पण संशय नेहमीच खरा निघत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईसला मॅग्नस कार्लसन एकोणीस वर्षांच्या हान्स नीमनकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. नीमननं लहान वयात ऑनलाइन खेळताना गैरप्रकार केल्याचं स्वतःच कबूल केलं, पण समोरासमोर खेळताना त्यानं फसवलं असा पुरावा मिळाला नाही. जागतिक महासंघानं कार्लसनला योग्य कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल दहा हजार युरो दंड केला. मधल्या काळात त्या मुलाविषयी जगभर काय काय बोललं गेलं, त्याची भरपाई कुठलाही दंड करू शकत नाही.

मी हे जवळून पाहिलं आहे. एका उन्हाळी स्पर्धेत गावाकडच्या एका मुलानं वरच्या मानांकनाच्या दोघांना पाठोपाठ हरवलं. एक पालक टेबलापाशी येऊन म्हणाले, “मॅडम, तो सारखा उठून जातो. बघा जरा.” मी त्याच्या मागे गेले. तो शेजारच्या खोलीच्या दाराशी टाचा उंचावून उभा होता आणि मुलींच्या गटात खेळणाऱ्या धाकट्या बहिणीचा पट बघत होता. एक शब्द बोलला नाही, खूण केली नाही. मी त्याला परत पाठवलं, दाराशी उभं राहायचं नाही असं सांगितलं आणि त्याचा चालींचा कागद पाहिला. दर चार-पाच चालींपुढे बारीक अक्षरात घड्याळातली वेळ. एका चालीला सत्तावीस मिनिटं लागलेली. ती चाल फार चांगली नव्हतीच. तिथे तो चुकला होता आणि पुढे झगडून डाव सावरला होता. यंत्राची मदत असती तर सत्तावीस मिनिटं घाम गाळून चूक कशाला केली असती? फेरी संपल्यावर व्हरांड्यात बहीण-भाऊ पट मांडून बसले. ती त्याला विचारत होती, “दादा, इथं घोडा का नाही मारलास?” आणि तो तिला समजावून सांगत होता.

मदत घेणं वाईट नाही. बुद्धिबळ शिकायचं ते मदतीनंच, आणि ती मदत आधी घरातूनच मिळते. वाईट आहे ती लपवलेली मदत. तसाच वाईट आहे लपून केलेला आरोप. महासंघाच्या नियमांत तक्रारीची वाट आहे. पंचाकडे यायचं, लेखी द्यायचं आणि खाली सही करायची. उगाच केलेल्या तक्रारीबद्दल तक्रारदारावरही कारवाई होऊ शकते. ती तरतूद मला अतिशय न्याय्य वाटते, कारण सही करायची वेळ आली की माणूस दोनदा विचार करतो.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. शंका असेल तर कागद मागा, लिहून द्या, आम्ही तपासू. लिहून द्यायची तयारी नसेल तर कुणाच्याही लेकरावर आपल्या मुलांदेखत संशय घेऊ नका. नाहीतर उद्या हरल्यावर तुमचं मूल आपली चूक पटावर शोधणार नाही, समोरच्याच्या खिशात शोधेल.