किल्ली तीच, वेष्टन वेगळं

आजचा विषय तांत्रिक वाटेल, पण आहे तो इतिहासाचाच. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायला जी सार्वजनिक किल्ली लागते, ती एका साच्यातून दुसऱ्या साच्यात का बदलावी लागते? आणि बदलताना नेमकं काय बदलतं?

१९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून टिपले. त्या काळी टेलनेटने लॉगिन करताना पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा. तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी मग एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सगळ्यांना मोफत दिलं.

त्यात पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. खासगी किल्ली आपल्याकडे, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. १९७७ सालच्या आरएसए पद्धतीत सार्वजनिक किल्ली म्हणजे फक्त दोन संख्या: एक अवाढव्य, दुसरी लहान, बहुतेक वेळा ६५५३७. एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीत या संख्या नेहमीच्या दशमान अंकांत एकाच ओळीत लिहीत.

पुढे घर फुटलं. १९९५च्या डिसेंबरात इलोनेन यांनी कंपनी काढली, आणि नंतर परवान्याच्या अटी कडक होत गेल्या. १९९९ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुन्या, मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच उभं केलं. दोन्ही घरांनी दुसऱ्या आवृत्तीची किल्ली आपापल्या पद्धतीने लिहिली. कंपनीची किल्ली अनेक ओळींची. वर ‘सुरुवात’, खाली ‘शेवट’ सांगणाऱ्या, चार-चार रेघांच्या ओळी. ओपनएसएसएचची किल्ली एका लांबलचक ओळीत. २००६च्या नोव्हेंबरात आरएफसी ४७१६ मध्ये अनेक ओळींच्या साच्याची रीतसर नोंद झाली, पण ओपनएसएसएचने आपली एक ओळ सोडली नाही. विंडोजवर पुट्टीजेन वापरून सार्वजनिक किल्लीची फाइल जतन केली, की ती अनेक ओळींची निघते. ती तशीच ओपनएसएसएचच्या सर्व्हरवर चिकटवली तर लॉगिन होत नाही, आणि माणूस आपली किल्लीच बिघडली असं समजतो.

बिघडलेलं काहीच नसतं. दोन्ही साच्यांच्या पोटात तोच मजकूर असतो. आरएसए किल्ली असेल तर तो नेहमी चार ‘ए’ आणि मग ‘बी’ असा सुरू होतो. कारण साधं आहे: आधी प्रकाराच्या नावाची लांबी येते, ती सात, चार बाइटांत सात लिहायचे तर पुढे शून्यंच शून्यं, आणि त्या शून्यांचे झाले ‘ए’. एसएसएच-कीजेन हा प्रोग्राम फक्त वेष्टन काढतो आणि दुसरं चढवतो. मोडीतला दस्त देवनागरीत उतरवला म्हणून जमिनीचा मालक बदलतो का? तसंच हे. खात्री करायची तर बदलाआधी आणि नंतर किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, ताडून पाहा. तो तोच यायला हवा.

एक गोष्ट मात्र घरी घेऊन जा. सार्वजनिक किल्लीचा साचा बदलायला खासगी किल्ली कोणाला द्यावी लागत नाही. अडलेल्या माणसाला कोणी ‘फाइल पाठवा, बदलून देतो’ म्हटलं, की तो घाईत खासगी किल्लीच पाठवून बसतो. पासवर्ड चोरीला गेले म्हणून हा सगळा खटाटोप सुरू झाला होता. इथे तर चोराची गरजच उरली नाही. किल्ली आपणच नेऊन दिली.