नैसर्गिक नियम : कॅथलिक विचार आणि धर्मनिरपेक्ष राज्य

चांगले करावे, वाईट टाळावे हे माणसाला स्वतःच्या बुद्धीनेच उमगते आणि राज्याचा कायदाही याच कसोटीवर घासून पाहायचा असतो, ही कॅथलिक ख्रिस्तसभेची नैसर्गिक नियमाची शिकवण. तिचे बीज संत पौलाच्या रोमकरांस पत्रात आहे. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’मध्ये तिची बांधणी केली. अन्यायी कायद्याला कायदा म्हणू नये, हे सूत्र त्यांनी ऑगस्टीनकडून घेतले.

ईश्वरी न्यायाचा अखेरचा निवाडा मात्र देवाचा. तो राजसत्तेच्या हाती गेला की काय होते, हे गोव्याने सोसले. तिथे 1560 ते 1812 या काळात, मधली मोजकी वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे न्यायालय चालले. श्रद्धेतल्या ‘चुकां’साठी माणसे कोठडीत गेली, काही जाळलीही गेली. त्याच भूमीत 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले. एकाच श्रद्धेची ही दोन रूपे. त्यांतले पहिले ख्रिस्तसभेवरचा डागच आहे.

अधिकृत वळण आले ते 7 डिसेंबर 1965 रोजी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘दिग्नितातिस ह्युमाने’ या घोषणापत्रात धर्मस्वातंत्र्याचा आधार मानवी प्रतिष्ठेत शोधला आणि श्रद्धेची सक्ती अमान्य केली. त्याच दिवशीच्या ‘गौदियुम एत स्पेस’मध्ये राज्य आणि ख्रिस्तसभा आपापल्या क्षेत्रात स्वायत्त ठरली. 1983च्या धर्मसंहितेने तर धर्मगुरूंना राजसत्तेतली पदे घ्यायलाच मनाई केली.

म्हणजे धर्मगुरूने गप्प बसायचे का? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याचे उत्तर कृतीतून दिले. ‘सुवार्ता’ मासिकाच्या या संपादकाने हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंडगिरीविरुद्ध लोकांना उभे केले. जमीन आणि पाणी सर्वांचे, ही नैसर्गिक नियमाचीच मागणी. जानेवारी 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. साहित्यिक म्हणून त्यांचा अधिकार मोठा होता आणि तो विरोध अन्याय्यच होता.

विवाहाच्या बाबतीत तर राज्य आणि ख्रिस्तसभा या दोन्ही सत्तांची हद्द स्पष्ट आहे. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरवला तरी कायद्याने तो संपत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयाचाच हुकूम लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मॉली जोसेफ खटल्यात ठरवले.